गवत पोटरीत असताना

तरोटा उपटला की हाताला वास लागतो. साबणानं जात नाही. दुसऱ्या दिवशी थापलेल्या भाकरीलाही तो येतो.

*

नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत प्रीतमच्या भुवयांवर कापूस बसतो. पाळी सुटली की तो आधी भुवया झटकतो, मग गावी फोन लावतो. आई विचारते, जेवला का. तो विचारतो, पाणी आलं का. उत्तर दोघांपैकी कोणीच देत नाही.

*

बोरखेडीत बैल कमी होत गेले तसं बैलांबद्दलचं बोलणं वाढत गेलं.

*

जन्मभर उतारावर ढोरांमागे एकाच अंगानं चालल्यामुळे बुधाजीची एक चप्पल बाहेरून झिजते, दुसरी आतून.

*

दगड पाण्यासोबत वाहत येत नाही. त्याच्या खालची माती आधी जाते. मग त्याला थांबायला कारण उरत नाही.

*

निंदणात चतुराबाईचा हात धरेल अशी बाई अचलपूर तालुक्यात नव्हती. हे तिनं स्वतः कधी म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही.

*

चतुराबाईचं घर बौद्धपुऱ्यात, अगदी शेवटी, जिथून गायरानाची वाट सुरू होते तिथं. नवरा बुधाजी गावचा ढोरकी. सकाळी घरोघरची गुरं सोडून घ्यायची, गायरानात चारायची, दिवस बुडता ज्याची त्याच्या दारात पोचवायची. मुलगा प्रीतम गिरणीत. सून नीलम घरी, बायांच्या बचत गटाची सचिव. आणि चतुराबाई निंदणाऱ्या बायांच्या टोळीची मोरकी. म्हणजे ओळीतली पहिली पात तिची. ती जितक्या वेगानं सरकेल तितक्या वेगानं बाकीची ओळ सरकणार. तिनं निंदलेलं वावर पाहून लोक म्हणत, इथं पान मांडून जेवायला बसावं.

मागच्या वर्षी तिनं गायरान निंदलं.

गायरान म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं बरड, सातपुड्याकडे चढत गेलेलं. वर चार बोटं माती, खाली मुरूम. सगळ्यांचं म्हणून कोणाचंच नव्हतं. गुरांनी खुडून खुडून गवत संपवलं होतं आणि गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तो तरोटा उरला होता, हिरवागार, कमरेएवढा. ग्रामसभेत नीलम बोलली, मागून बाया बोलल्या, आणि चढाकडचा अर्धा भाग गवत उभं राहीपर्यंत बंद ठेवायचा असं ठरलं. राखण बचत गटाची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून आलेले एक साहेब बोरीखाली उभे राहून समजावून गेले. तरोटा फुलावर यायच्या आत काढा, म्हणाले. कसा काढायचा ते बायांनी विचारलं नाही. जन्म निंदणात गेला, आता काढायचं कसं हे काय विचारायचं?

आषाढात टोळीनं पाती धरल्या. खुरप्यानं, मुळासकट. तरोट्यासोबत दुधी गेली, गोखरू गेला, खडकाच्या कडेनं नुकती फुटलेली गवताची लवसुद्धा गेली. कपाशीच्या पऱ्हाटीत ती तण असते. हात तण ओळखतो, जागा ओळखत नाही. काम आटोपलं तेव्हा बरड सारवलेल्या अंगणासारखं दिसत होतं. रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. भगवंतरावांनी मोटारसायकल उभी करून म्हटलं, आता कशी जमीन दिसते. चतुराबाईनं पदरानं मान पुसली. तिला ते आवडलं होतं.

मग दोन दिवस पाणी झालं.

माती गेली.

मातीतलं बी गेलं.

वाळलेलं शेण, लेंड्या, पालापाचोळा, जे काही कुजून पुढं माती झालं असतं, ते गेलं.

गटानं लावलेली ‘गायरान बंद’ची पाटी गेली. ती नाल्यात, बोरीच्या काट्यात उलटी सापडली.

मुरूम राहिला.

*

बरडाच्या पायथ्याशी भगवंतरावांचं वावर. भगवंतराव एकेकाळचे सरपंच, अजूनही गावात त्यांच्या आधी कोणी बोलत नाही. त्यांची तूर गुडघ्याएवढी झाली होती. पाणी ओसरल्यावर त्या तुरीत पिवळा गाळ आणि दगड. मुठीएवढे, डोक्याएवढे, काही तर एका माणसाला न उचलणारे.

ज्यांनी पाठवले त्यांनी उचलावे, असं ते पंचायतीसमोर म्हणाले. चूक कोणाची होती हे चतुराबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. एकटीच गेली, दगड वाहायची पाटी घेऊन. टोळीतली कोणी बोलावली नाही. भगवंतराव धुऱ्याच्या बांधावर छत्री टेकून बसले. ती वाकायची, पाटी भरायची, डोक्यावर घेऊन बरडाच्या काठी रिचवायची, परत यायची. दुपारी रस्त्यानं निंदणाच्या बाया घरी निघाल्या, तिच्याकडं न पाहता गेल्या. ते पाहण्यापेक्षा वाईट होतं.

दिवसभरात भगवंतराव फार बोलले नाहीत. फक्त छत्रीचं टोक उचलून दाखवायचे.

"तो राह्यला."

ती जायची, उचलायची.

"तो."

गाळात पाय रुतायचे. टाचेच्या भेगांत रेती जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची मान वळेना तेव्हा ते उठले, छत्री झटकली आणि म्हणाले, "पऱ्हाटी अन् गायरान यातला फरक कळत नाही, त्यायनं राखण करू नये."

हे वाक्य चतुराबाईनं घरी नेलं. जेवताना तिच्यासोबत होतं. उन्हाळाभर होतं.

*

यंदाच्या ग्रामसभेत गटाला आणखी एक वर्ष मिळालं. मिळालं म्हणजे नीलम खाली बसली नाही म्हणून मिळालं. गवत दिसलं तर ठीक, नाहीतर बरड पहिल्यासारखं मोकळं. आणि भगवंतरावांनी शेवटी एक आठवण काढली. बोरखेडीचा जुना रिवाज होता: पोळा फुटला, तोरणाखालून बैल सुटले, की ते राखलेल्या कुरणात सोडायचे. कुरणच उरलं नव्हतं म्हणून रिवाज नुसता बोलण्यात राहिला होता. आता कुरण होणार असेल, तर रिवाजही होणार. सगळ्यांनी माना हलवल्या. पोळा श्रावण संपता येतो, गवताचं बी दिवाळीच्या सुमाराला पडतं, मधल्या दिवसांत गवत पोटरीत असतं, तुरा अजून पोटात, हे माना हलवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

खडकांच्या आडोशाला उरलेल्या मातीत तरोटा पुन्हा आला होता. आषाढात चतुराबाईनं टोळीला सांगितलं, खुरपी घरी ठेवा. विळे आणा. तरोटा वीतभर वरून कापायचा, मूळ मातीत राहू द्यायचं. कापलेला तरोटा उताराला आडवा, ओळीनं टाकायचा, वर दगड ठेवायचे. बाकी ज्याला जे उगवायचं ते उगवू द्या. काटा असो, कुसळ असो, हात लावायचा नाही.

कौशल्याची पात तिच्या शेजारची. कौशल्या गावातली, थोडं वावर, एक बैलजोडी, एक नवरा आणि हाड नसलेली जीभ.

"हे तर पोराचे केस अर्धे कापून सोडल्यासारखं दिसते, माय," ती म्हणाली. "येणारेजाणारे थुंकतीन आपल्यावर."

"बोलत राहा. मूळ उपटू नको."

"मी नाही उपटत. तू तुहा हात पाहा."

चतुराबाईनं पाहिलं. उजव्या हातात विळा होता. डाव्या हातात तरोट्याचं आख्खं झाड लोंबत होतं, मुळाला मातीचा गोळा. कधी उपटलं ते तिला कळलंच नव्हतं. बाया हसून हसून खाली बसल्या. ती हसली नाही. झाड परत भोकात खोचून तिनं टाचेनं दाबलं. जगणार नव्हतं ते. माती तेवढी बसली.

दुपारपर्यंत असं पुन्हा पुन्हा झालं. तण दिसलं की बोटं मिटायची. चाळीस वर्षं याच हातानं तिला गावात उभं केलं होतं, आणि आता तोच हात ऐकत नव्हता. शेवटी तिनं काठावरच्या ढिगातला एक गुळगुळीत दगड उचलला आणि डाव्या मुठीत धरला. दगड धरलेल्या हाताला उपटता येत नाही. संध्याकाळी बोटं सुटेनात तेव्हा नीलमनं कोमट पाण्यात हात धरून एकेक बोट उकललं. सकाळी दगड पुन्हा मुठीत.

बरड घाणेरडं दिसू लागलं. आडव्या टाकलेल्या तरोट्याच्या काळ्या पडलेल्या ओळी, वर दगड, मधे वाट्टेल ते माजलेलं. रस्त्यानं जाणारे खरंच थांबून हसायचे. निंदणाऱ्या बाईचं नाव त्या बरडावर पडलं होतं, आणि ते रोज थोडं मळत होतं. तिनं मळू दिलं.

*

अर्धं गायरान बंद झाल्यानं बुधाजीला ढोरं घेऊन जंगलाच्या कडेनं लांबून फिरावं लागे. तिथून वनरक्षक हाकलायचा. गाई उशिरा घरी यायच्या, दूध कमी पडायचं. दोन घरांनी आपली जनावरं त्याच्याकडून काढून दारात बांधली. तो त्या घरांपुढून सकाळी जायचा तेव्हा त्या गाई दावं ताणून हंबरायच्या आणि तो पुढं चालत राहायचा.

एका संध्याकाळी तो ताटावर बसला आणि भाकरी मोडायच्या आधी बोलला.

"लोक म्हणतात, ढोरक्याच्या बायकोनंच ढोराच्या तोंडाले मुसकं बांधलं."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"मी काय म्हणू. ढोरं पाण्यावर नेली."

तिनं वरण वाढलं.

"सारी जिंदगी मी तठी ढोरं चारली," तो म्हणाला. "एका तरी गवताचं नाव तू मले शिकवशीन का?"

"नाव नाही शिकवत. तुमी चारून उरलं किती, ते सांगते."

तो ताटावरून उठला नाही, सगळं जेवला. पण त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. मीठ कमी असलं तर नीलमला सांगायचा, तुह्या सासूले सांग, आज मीठ विसरली. सासू दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची. नीलम म्हणायची, आई, बाबा म्हणतात मीठ विसरली. चतुराबाई म्हणायची, त्यायले सांग, डबा तुमच्या मागं हाये.

*

तरोट्याच्या सावलीत गवत आलं. आधी मारवेल, जमिनीला धरून. मग पवन्या, ताठ. मधे मधे कुसळी, जिचे काटेरी बाण पुढं लुगड्यात घुसतात आणि शेळीच्या जिभेत रुततात. कोणीही पेरलं नव्हतं. चतुराबाई सकाळी एकटी जाऊन उकिडवी बसायची आणि हात मांड्यांत दाबून नुसतं बघायची.

श्रावणात एका दुपारी आभाळ खाली आलं आणि मागच्या वर्षीसारखंच पाणी कोसळलं. रात्रभर पत्र्यावर तेच. बुधाजी कुशीवर पडून होता. ती पाठीवर. झोपलेलं कोणी नव्हतं.

उजाडताच ती निघाली. नाल्याला गढूळ लोट होता, पलीकडच्या मोकळ्या गायरानातून आलेला. ती भगवंतरावांच्या धुऱ्यावर पोचली. बंद बरडावरून तुरीकडे पाणी येत होतं. बरंच येत होतं. ती वाकली आणि ओंजळ भरली. तळहाताच्या रेषा दिसल्या.

मागं चिखलात पावलं वाजली. भगवंतराव आले होते, पँट गुडघ्यापर्यंत वर करून. त्यांनी तुरीत पाहिलं. गाळ नव्हता. त्यांनी पाण्यात पाय घातला, अंगठ्यानं तळ चाचपला. मग दोघं बराच वेळ एकाच पाण्याकडं पाहत उभे राहिले. ते काहीतरी म्हणतील असं तिला वाटलं. मागच्या वर्षीचं वाक्य परत घेणार नाहीत हे तिला माहीत होतं. पण निदान पाणी नितळ हाये, एवढं तरी.

"पोळा जवळ आला, चतुरा," ते म्हणाले. "बैलायची वाट मोकळी करून ठेव."

तेव्हा तिला उमगलं की ही गोष्ट आता मातीची राहिलेली नाही.

*

भगवंतरावांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. पारावर ते बोलले आणि लोकांना पटलं. आज गट म्हणतो बी पडू द्या. उद्या म्हणेल कापून विकू द्या. सगळ्यांची जमीन पाच-दहा जणींनी काटे लावून अडवली, तर ती सगळ्यांची राहिली कशी? रिवाज एवढ्यासाठीच असतो. वर्षातून एकदा बैल आत गेला की कळतं, कुरण गावाचं आहे.

नीलमनं मोबाईलवर ठरावाचा फोटो दाखवला. त्यात लिहिलं होतं, गवत उभं राहीपर्यंत. ती म्हणाली, आपण तहसीलात जाऊ, पोलिसांना सांगू.

"कागद बैलाले वाचता येत नाही," चतुराबाई म्हणाली.

पावसानं भिजलेलं बरड, वर जड अंगाचे बैल, पाठीमागं हलग्या वाजवणारी पोरं. खुरांनी तुडवून सुटी झालेल्या मातीचं काय होतं ते तिनं मागच्या वर्षी आपल्या हातांनी पाटीत भरलेलं होतं. पोटरीतलं गवत मोडलं तर बी नाही. बी नाही तर पुढच्या आषाढात तरोटा. आणि मग ग्रामसभेत पुन्हा तेच वाक्य, या वेळी गावाच्या तोंडून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरोघरी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते तेव्हा, ती टोळीतल्या प्रत्येकीच्या दारात गेली. कुठं बसली नाही. फक्त सांगितलं, उद्या बैलांसाठी खालच्या अंगाचं गवत कापायचं आहे, पेंढ्या बांधायच्या आहेत, पहाटे या. आणि पोळा फुटल्यावर वरच्या वाटेवर मी बसणार आहे. ते ऐकून कोणी हो म्हटलं नाही. कौशल्याच्या दारात तिचा नवरा बैलाच्या शिंगांना वारनीस लावत होता. कौशल्या त्याच्याकडं पाहत म्हणाली, "मले पुरण शिजवाचं हाये." चतुराबाई मान हलवून निघाली.

पहाटे सगळ्या आल्या. कौशल्यासुद्धा, हाताला पुरणाचा वास.

खालच्या सपाटीवरची मारवेल कापून त्यांनी पेंढ्या बांधल्या आणि तोरणाखाली ओळीनं मांडून ठेवल्या. प्रत्येक बैलाला एक.

*

दुपारी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. आता मोजकेच बैल. त्यांच्यामागं ट्रॅक्टरवाले, ज्यांच्याकडं बैल नाहीत पण मत आहे. तोरणाखाली झडत्या म्हणतात, दोन-दोन ओळींच्या, आणि त्यात कोणालाही टोला हाणायची त्या दिवशी मुभा असते. भगवंतरावांचा पुतण्या नितेश पुढं आला आणि कानावर हात ठेवून म्हणाला,

बरडावर आलं गवत, त्याले बायांचा पहारा,
बैल म्हणे मालकाले, मले पेंढीचा सहारा.

हसण्याचा लोट बौद्धपुऱ्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. चतुराबाई तिथं नव्हती. ती वर, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात जाण्यायेण्यापुरती जागा ठेवली होती, त्या जागेत उकिडवी बसली होती.

एकटी नव्हती. बाया एकेक करून आल्या आणि काही न विचारता ओळीनं बसल्या. गुडघ्याला गुडघा, निंदणात बसतात तशा. पहिली पात तिची, दुसरी कौशल्याची. पुढं नीलमपर्यंत ओळ गेली. कोणाच्या हातात काही नव्हतं. तोंडं गवताकडं, पाठी वाटेकडं. हेही ठरलेलं नव्हतं. निंदणारी बाई दुसऱ्या कुठल्या तोंडानं बसतच नाही.

घुंगरं जवळ आली आणि थांबली. बैलांचे श्वास पाठीवर लागले.

"चतुरा," भगवंतराव म्हणाले. "ऊठ. सणाचा दिवस हाये."

ती वळली, पण उठली नाही. "सणाचा हाये म्हणूनच बसायले सवड भेटली."

"बैलाले अडवतं?"

"बैलाले पेंढी देल्ली."

"बैल पेंढीचे भिकारी नाहीत. गावातल्या हरेक बैलाचा हक्क हाये हा. बापजाद्यापासून."

"गवत पोटरीत हाये, भगवंतराव. बी पडू द्या. दिवाळीनंतर मीच येईन तुमच्या दारात बोलवाले."

"म्हणजे तू म्हणशीन तवा." ते मागं वळून लोकांना म्हणाले, "ऐकलं का? आता सांगा, कुरण कोणाचं. गटाचं का गावाचं?"

"गावाचं," चतुराबाई म्हणाली. "पण तुमी एकटे गाव नाही."

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. कौशल्याचा नवरा आपली जोडी धरून पुढं आला आणि हळूच म्हणाला, ऊठ व, लोक पाहून राह्यले.

"पाहू दे," कौशल्या मोठ्यानं म्हणाली. "तू घरी जाऊन बैलाले पुरणपोळी चार. मी आली नाही तर उरलेली तूच खाय."

आता हसणं लपवायला कोणी खोकलं नाही. भगवंतरावांचं तोंड तांबडं झालं. ते म्हणाले की बैल आता ओळीतून जाईल, लागलं तर आपली जबाबदारी नाही.

"घाला," चतुराबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "आमी उठत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. या पाण्यानं साऱ्यायच्या पऱ्हाटीत तण मातलं हाये. माणसाच्या पोटरीएवढं. ते निंदाले उद्या बैलालेच सांगजा."

 मागं उभ्या असलेल्या प्रत्येकाचं वावर त्याच्या डोळ्यांपुढं आलं असणार. पंधरा दिवस पाऊस उघडला नव्हता, निंदण तुंबलं होतं, आणि गावातल्या झाडून सगळ्या निंदणाऱ्या बाया या ओळीत बसल्या होत्या. एक ट्रॅक्टरवाला चप्पल बदलल्यासारखा या पायावरून त्या पायावर झाला.

भगवंतरावांनी गर्दीत पाहिलं. बुधाजी कडेला उभा होता, धुतलेला सदरा घालून.

"बुधा. इकडं ये. धर कासरा. तुह्या हातातली ढोरं कुठीबी जातात. घाल आत."

बुधाजी आला. त्यानं कासरा हातात घेतला. चतुराबाईला बसल्या जागेवरून त्याची पावलंच दिसत होती. ती पावलांकडं पाहत राहिली. महिनाभरात ती तिच्या इतकी जवळ आली नव्हती. बैलानं त्याला ओळखलं, वासरू असताना याच माणसामागं तो या चढावर चालला होता. त्यानं बुधाजीच्या सदऱ्याला नाक घासलं.

"भगवंतराव," बुधाजी म्हणाला, "पोळ्याले ढोरक्याले सुट्टी असते."

आणि कासरा परत त्यांच्या हातात ठेवून तो म्हणाला, "तोबी रिवाजच हाये. बापजाद्यापासून."

तेवढ्यात बैलानं, ज्याला कोणाचंच ऐकायचं नव्हतं, मान लांब केली. बाशिंग वाकडं झालं. चतुराबाईच्या डोक्यावरून त्यानं पवन्याचा एक झुपका तोंडात धरला आणि मुरडून तोडला. लाळ तिच्या खांद्यावर पडली. तो तिथंच उभा राहून चावत राहिला.

"खाल्लं बैलानं," गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. "झाला रिवाज. चला, मले भूक लागली."

"एक घास," चतुराबाई म्हणाली. "खूर नाही."

भगवंतरावांनी बैलाच्या चावणाऱ्या तोंडाकडं पाहिलं, ओळीकडं पाहिलं, मागं पाहिलं. मागचे काही जण निघालेच होते. त्यांनी कासरा ओढला. नितेश पुढच्या ग्रामसभेत बघतो असं म्हणत होता, आणि तो बघणार होता हे खरंच होतं. घुंगरं उतारानं खाली गेली.

बाया उठल्या. चतुराबाईला उठता येईना. दोन्ही पाय मेले होते. कौशल्यानं काखेत हात घालून तिला उभं केलं आणि बुधाजीनं दुसऱ्या बाजूनं धरलं.

"मीठ," तो म्हणाला, "आज बरोबर पडलं होतं."

*

भगवंतरावांनी दुसऱ्या गावाहून ऑटो भरून बाया आणल्या. एक दिवस आल्या, मग त्यांच्याच गावचं निंदण निघालं. आठवड्यानं त्यांची मोटारसायकल बौद्धपुऱ्याच्या टोकाला येऊन थांबली. त्यांनी ती बंद केली नाही.

"चतुराबाई, बाया कधी येतीन?"

"सोमवारी."

"सोमवारी लय उशीर होते."

"मंग मंगळवारी येऊ."

 मग म्हणाले, सोमवारी चालते.

दिवाळी झाली आणि बी पडलं. कुसळीचे बाण लुगड्यात घेऊन ती घरी यायची आणि नीलम ओसरीत बसून एकेक काढायची. एका सकाळी चतुराबाई गावात गेली, घरोघरी, बैल असलेल्या प्रत्येक दारात, आणि सांगितलं की आज कुंपण काढतो आहोत, सोडा. भगवंतरावांच्या दारातही उभी राहिली. ते आतून आले नाहीत, पण गोठ्यातली जोडी बुधाजीच्या कळपात आली. वाळलेल्या गवतात बैल गुडघ्यापर्यंत बुडाले. खुरांखाली माती घट्ट होती.

*

चतुराबाई लग्न होऊन बोरखेडीत आली त्या वर्षी, रिवाजाप्रमाणे, बौद्धपुऱ्यातल्या बैलजोड्या पोळ्याच्या तोरणाखाली घेतल्या नव्हत्या. त्या दिवसभर नाल्याच्या अलीकडे सजून उभ्या होत्या.